धाकटे वकील

धाकट्या वकिलांनी साठी ओलांडून चार वर्षं झाली. थोरले वकील, म्हणजे त्यांचे वडील, गेले त्यालाही बराच काळ लोटला. पण गावानं एकदा थोरले-धाकटे ठरवलं की त्यावर अपील चालत नाही. पक्षकार अजून ओट्यावरूनच विचारतात, "धाकटे आहेत का?" आणि आतून पांढऱ्या मिशा बाहेर येतात.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी असं एक घर सापडेलच. कोर्टापासून हाकेच्या अंतरावर; खाली ऑफिस, वर बिऱ्हाड. पाटीवर आजोबांच्या नावाखाली 'डिस्ट्रिक्ट प्लीडर' असं लिहिलेलं. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं प्लीडर, मुखत्यार वगैरे जुने भेद निकालात काढले; पाटीनं त्या कायद्याची दखल घेतलेली नाही. आत भिंतीवर आजोबा, पागोट्यात. शेजारी थोरले, गळ्याला बँड लावून. त्यांच्या शेजारी नुसताच एक खिळा. त्याच्यावर धाकटे तूर्त स्वतःचा काळा कोट टांगतात.

या घराण्याची खरी इस्टेट म्हणजे दावे. त्यातही वाटपाचे. फौजदारीला धाकटे हात लावत नाहीत. १ जुलै २०२४ला नवी न्याय संहिता आली, चारशेवीसचं कलम तीनशे अठरा झालं, बाररूममध्ये हलकल्लोळ उडाला. धाकटे शांतपणे चहा पीत होते. दिवाणी संहिता १९०८ची आहे आणि तिला कुणी हलवत नाही, हा त्यांच्या घराण्याचा अभिमान आहे. २००२पासून त्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत असं लिहिलेलं आहे. धाकटे ते वाक्य ज्युनियरला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि चौथा तहकुबी अर्ज सांगायला घेतात.

पक्षकार मेला तर नव्वद दिवसांत त्याचे वारस लावावे लागतात, नाहीतर दावा बारगळतो. त्यामुळे धाकटे पेपर मागल्या पानापासून वाचतात. दहाव्याला घाटावर हजर असतात. पिंडाला कावळा शिवला की सगळे हात जोडतात. धाकट्यांचा हात खिशात जातो. तिथं कोरं वकीलपत्र असतं. लोक याला माणुसकी म्हणतात, आणि तशी ती आहेही.

सगळ्या दाव्यांत त्यांचा जीव आहे तो दोन भावांच्या एका दाव्यावर. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानं 'कसेल त्याची जमीन' झाली, त्या गडबडीत आजोबांनी थोरल्या भावातर्फे तो लावला. धाकट्या भावाचं वकीलपत्र समोरच्या आळीतल्या वकील घराण्याकडं, तेही आता तिसऱ्या पिढीत. दोन्ही घराणी कोर्टात एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि गौरी जेवायला एकमेकांकडं जातात. प्राथमिक हुकूमनामा झाला, अपील झालं, प्रत्यक्ष वाटपासाठी कागद कलेक्टर कचेरीत गेले, मोजणी अडली. दोन्ही भाऊ निवर्तले. आता त्यांचे नातू तारखेला येतात.

त्या भावांना तीन बहिणी. आई आधीच वारलेली. जुन्या हिशेबानं भावांना पंधरातले सहा-सहा हिस्से, बहिणींना एकेक. १९९४ला महाराष्ट्रानं मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून, म्हणून या तिघी बाहेर. २००५ला केंद्राचा कायदा आला, तिघी आत. मग वडील आधी वारले असतील तर काय, यावर पंधरा वर्षं खल. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तोही संपवला. अंतिम वाटप न झालेल्या दाव्यात पंधरावा हिस्सा एकदम पाचवा झाला आणि भावांचा निम्म्यावर आला. वेळेत वाटप उरकलं असतं तर हे ओढवलं नसतं, असं पक्षकाराचा नातू म्हणाला. धाकट्यांना त्यात दाव्याचा जोमच दिसला.

त्यांचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. सनद घेतली ती लेकीनं. निकाल वाचून तिनं सहज विचारलं, "बाबा, मग या ऑफिसचं?"

"ही जागा वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हा पुराव्याचा प्रश्न आहे," धाकटे म्हणाले.

लेकीनं पक्षकारांना फोनवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडून दिलं. तारीख घरबसल्या कळू लागली. तारीख सांगण्याचे दहा-वीस रुपये घेणारा म्हातारा कारकून आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. हे सगळं धाकट्यांनी चालवून घेतलं. फक्त एका गोष्टीला हात लावू दिला नाही: लाल फडक्यातल्या त्या दाव्याच्या दप्तराला. त्यात आजोबांची टिपणं आहेत, बोरूनं लिहिलेली, मोडीत. धाकट्यांना मोडी येत नाही. थोरल्यांनाही बेताचंच यायचं. पक्षकार फारच कावला की धाकटे ती पानं एकेक करून उलटतात, एका ओळीवर बोट ठेवतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "काळजी करू नका. आजोबांनी सगळं लिहून ठेवलंय." एवढ्यावर माणूस पुढच्या तारखेपर्यंत तग धरतो.

लेक गेल्या वर्षी मोडीच्या वर्गाला जाऊन आली. परवा पक्षकाराच्या नातवासमोरच तिनं दप्तर ओढलं आणि धाकट्यांचं बोट असायचं नेमकी तीच ओळ वाचली: "फीपैकी रुपये चाळीस बाकी. पुढील तारखेस देतो म्हणाला."

मी बाकावरच होतो. वाटलं, आता धाकटे खाली मान घालणार. त्यांनी उलट टेबलावर थाप मारली. "बघा! मी म्हणत नव्हतो? सगळं लिहून ठेवलंय!"

"बाबा, फीच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते," लेक म्हणाली.

"समोरच्या बाजूनं तसा मुद्दा काढलेला नाही," धाकटे म्हणाले.

नातवानं मुकाट्यानं फोन काढून स्कॅनर कुठाय विचारलं. कारकुनानं तो दाखवला, लेकीचाच होता. चाळीस रुपये आल्याचा आवाज झाला. नातू उठता उठता म्हणाला, "आणि व्याजाचं?"

धाकट्यांनी डायरी ओढली. "ते पुढच्या तारखेला बघू."