तो उद्धट नाही, आजारी असेल

दहावीतला मुलगा हल्ली अंगावर येतो, दार लावून बसतो, घटक चाचणीत घसरला. मग बाबा मोबाईल काढून घेतात, आई संध्याकाळचं खेळणं बंद करते, क्लासचे सर त्याला खालच्या बॅचमध्ये टाकतात. महिनाभर त्याला पहाटे तीनपर्यंत झोप लागत नाहीये, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही. वागणूक सुधारायची म्हणून आपण त्याच्या आजारालाच शिक्षा करत सुटलो आहोत.

या वयातलं नैराश्य दर वेळी रडत येत नाही. पुष्कळदा ते चिडत येतं. मुलांच्या बाबतीत निदान करताना डॉक्टर उदासपणाइतकंच महत्त्व सततच्या चिडचिडीला देतात. कुणाचं रोज डोकं दुखतं, कुणाचं पोट, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती सुटलेली आवड. जो मुलगा जेवणाच्या ताटावरही बोटांनी ठेका धरायचा, त्याच्या तबल्यावर धूळ बसते. विचारलं तर म्हणतो, ‘कंटाळा आला.’ आपण ऐकतो आणि म्हणतो, बरं झालं, दहावीचं वर्ष आहे. नाही, बरं झालेलं नाही. झोप, भूक, मित्र, आवड यांतलं बरंच काही दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, तर त्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. ‘माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही’ असं मूल म्हणालं किंवा जिवापाड जपलेल्या वस्तू इतरांना वाटून टाकू लागलं, तर दोन दिवसही थांबू नका.

राजस्थानातल्या कोटा शहरातून क्लासच्या मुलाच्या आत्महत्येची बातमी आली की आपण हळहळतो आणि पान उलटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. ‘कमी मार्क पडले म्हणून’ असा मथळा देऊन वर्तमानपत्रं मोकळी होतात. एकाच कारणानं असं होत नसतं. निकालाच्या आधी कितीतरी दिवस ते मूल आतून खचत गेलेलं असतं, आणि त्याच दिवसांत मदत पोचू शकत असते.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये याबाबत स्पष्ट निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. क्लासेसनी मार्कांवरून मुलांच्या बॅच पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. आता आपल्या गावातल्या क्लासकडे बघा. टेस्टचे मार्क अख्ख्या ग्रुपवर टाकणारे सर अजून ‘कडक शिस्तीचे’ म्हणून मिरवतात आणि आपण त्यांनाच फी भरतो. हे निर्देश सरांनी वाचले नसतील तर फी भरणाऱ्यांनी त्यांना वाचून दाखवावेत.

घरी सगळ्यात आधी करायची गोष्ट एकच, पण अवघड. सरळ विचारायचं. ‘जगणं नको वाटतं का रे? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं ते डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलती होतात. उत्तर ‘हो’ आलं तर ‘तुला आम्ही काय कमी केलं?’ हे वाक्य गिळून टाका. ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. तो मुलांसाठीच नव्हे, गोंधळलेल्या आईबापांसाठीही आहे. जीव आत्ताच धोक्यात वाटत असेल तर फोनवर वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पोलिसांच्या भीतीनं मुलाचा आत्महत्येचा प्रयत्न दडपणारी घरं आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायला सांगितलं आहे. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही.

पैशांची अडचण खरी आहे, पण जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. आणि मुलीच्या बाबतीत हमखास निघणारा तो प्रश्न: ‘गोळ्या चालू आहेत हे कळलं तर उद्या लग्न कसं जमेल?’ याचा मला संताप येतो. पंधरा-सोळा वर्षांची पोर रात्ररात्र जागी आहे, आणि काळजी कुणाची, तर अजून न आलेल्या स्थळाची! तिची शाळा बुडू द्या. उद्या सकाळी तिला ओपीडीला घेऊन जा, आणि रांगेत तिच्या शेजारी बसा.