मिरवणूक आमच्या गल्लीतून न्या

सोलापुरात नळाला पाणी कधी येईल हे छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मिरवणूक कधी निघेल हे मात्र शेंबडं पोरही सांगेल. पाणी काही दिवसांआड, मिरवणुकीला खाडा नाही. तरीही सात रस्ता चौकात गाडी अडकली की आमचे सुशिक्षित बंधू काच खाली करून मिरवणुकीच्या नावानं बोटं मोडतात. हा कृतघ्नपणा आहे, आणि तो का, हे आज सांगणं भाग आहे.

आधी वर्षाचं वेळापत्रक पाहा. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. मग शिवजयंती, भीमजयंती, अक्षय तृतीयेला बसवेश्वर जयंती. आषाढीआधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, भाद्रपदात गणपती, मग रूपाभवानीचं नवरात्र. मोहरमचे पंजे आणि ईदचा जुलूस चंद्राच्या हिशेबानं, म्हणजे वर्षातला कुठलाही महिना मोकळा सुटू नये याची सोय. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत सण करणारं हे गाव आहे आणि चारही भाषांत वाहतूक सारखीच तुंबते. कुणावर अन्याय झाला असं म्हणायला जागा नाही. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, त्याची इतिहासात नोंद झाली. आताच्या रस्ते बंद करण्याच्या आदेशांची नोंद घ्यायची तर त्या इतिहासाला पुरवणी खंड काढावे लागतील.

सार्वजनिक गणपतीचं म्हणाल तर आजोबा गणपतीची स्थापना १८८५ ची. लोकमान्यांचा पुण्यातला उत्सव १८९३ चा. म्हणजे रस्ता अडवण्यात आम्ही पुण्याच्या आठ वर्षं पुढे होतो. (पुणेकरांनी पत्र पाठवू नये. छापणार नाही.)

इतक्या मिरवणुकांच्या सरावानं माणूस तयार होतो. परवा स्टेशनवर एका रिक्षावाल्याला सात रस्ता म्हटलं.

‘आज जमत नाही की ओ मालक. मिरवणूक हाय.’

‘कशाची?’

‘ते काय विचारलो नाही बघा. बॅरिकेड दिसलं की वळतोय आपण.’

सर्वधर्मसमभाव यापेक्षा सोप्या शब्दांत आम्ही कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकलेला नाही.

पण कृतघ्नपणा म्हटलं त्याचा मुद्दा खड्ड्यांचा आहे. प्रत्येक मोठ्या सणाआधी शांतता समितीची बैठक होते. या बैठकीत शांतता तेवढी नसते, बाकी सगळं असतं. मागण्या ठरलेल्या: मिरवणूक मार्गावरचे खड्डे बुजवा, लोंबकळणाऱ्या वायरी वर घ्या, झाडांच्या फांद्या छाटा, बंद दिवे चालू करा, मोकाट जनावरं धरा. आणि चमत्कार असा, की हे होतं! ज्या खड्ड्यासाठी नागरिकानं ज्येष्ठात अर्ज दिला, आषाढात स्मरणपत्र दिलं, श्रावणात उपवास धरला, तो भाद्रपदात एका रात्रीत बुजतो. टेम्पो येतो. दोघं घमेल्यानं खडी टाकतात, तिसरा फावड्याच्या पाठीनं ती चोपतो आणि चौथा मोबाइलवर फोटो काढतो. त्या चौथ्याचं काम सर्वात महत्त्वाचं, कारण वरिष्ठांच्या ग्रुपवर खड्डा जात नाही, फोटो जातो. मात्र खड्डा मार्गावर हवा. हातभर बाजूला, बोळाच्या तोंडाशी असेल, तर त्याला पुढच्या वर्षीही वयात यायची संधी मिळते.

सात रस्त्याची पुण्याई थोर. तिथं शासकीय विश्रामगृह आहे. मंत्री मुक्कामाला येणार म्हटलं की दुभाजकांना रंग येतो, रस्त्याकडेची माती गायब होते. ताफा हीसुद्धा मिरवणूकच. फक्त लेझीम नाही आणि मूर्ती काचेआड असते. याच चौकात ‘स्वागतोत्सुक’ फलकांचंही पीक येतं. देव कोपऱ्यात, भाऊ मध्यभागी, खाली कार्यकर्त्यांची पासपोर्ट फोटोंची पंगत. चौकात सिग्नल चालू आहे की बंद, याचा वाद मिटत नाही, कारण निकाल फलकामागे आहे.

आवाजाबद्दल आम्ही बोलणार होतो. सन २००० चा नियम म्हणतो, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले पंधरा दिवस तेवढी बारापर्यंत सूट मिळू शकते. ५५ डेसिबल म्हणजे सोलापुरात दोन मित्रांनी एकमेकांना ‘काय बे’ म्हणणं. तेव्हा हा नियम आमच्यासाठी केलेला नसावा.

गड्ड्यापुढे मात्र आमची जीभ टाळ्याला चिकटते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, शेकडो वर्षांची परंपरा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नंदीध्वजांच्या उंचच उंच काठ्या. त्या पेलायला पोरं आधी कित्येक रात्री सराव करतात. ऐन वेळी जनरेटर भाड्यानं आणून भागत नाही. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा गर्दी लाखांत मोजावी अशी, आणि तरी काठी कुणाची, उचलली कुणी, हे सांगणारा फोटो काठीवर नसतो. एवढ्या उंचीवर ‘सौजन्य’ लिहायला केवढी जागा आहे! ती अजून कुणाच्या लक्षात आली नव्हती. आम्ही हे छापायला नको होतं. काठ्या उंच, म्हणून वाटेतल्या वायरी आधी हलवाव्या लागतात. एरवी त्याच वायरी धुणं वाळत घालण्याच्या उंचीवर असतात.

म्हणून आमची सूचना अशी, की या गावात जे जे व्हावंसं वाटतं त्याची मिरवणूक काढावी. सुरुवात पाण्यापासून. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर प्रवास करून दमूनभागून आलेल्या पाण्याचं स्वागत आपण कसं करतो? बादली पुढे करून. हे शोभत नाही. टाकीपासून नळापर्यंत रीतसर मिरवणूक हवी. उत्सव अध्यक्ष निवडावा, त्याचा सत्कार करावा, मानाचा पहिला नळ कोणाचा यावर भांडून घ्यावं, शांतता समितीची बैठक बोलवावी. गळती असलेली जलवाहिनी एकदा ‘मिरवणूक मार्ग’ म्हणून जाहीर झाली की ती दुरुस्त व्हायला रात्र पुरेल. समांतर जलवाहिनीच्या बातम्या इतकी वर्षं वाचणाऱ्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

हे होईपर्यंत सर्व मंडळांना नम्र विनंती. यंदा मार्ग ठरवताना बोळांचाही विचार करा. बोळातून ट्रक जात नाही, म्हणजे डॉल्बी आपोआप बाहेर राहील. लेझीम मात्र दोनाच्या रांगेत छान बसते. आमच्या बोळाचं नाव मार्गाच्या यादीत एकदा चढवा, मग ऐन दिवशी आला नाहीत तरी राग नाही. वर्गणी दुप्पट देऊ, लेझीमवाल्यांना चहाही आमच्याकडून. फक्त यादी जरा लवकर, पावसाळ्याच्या आत पाठवा.