उत्तर सी, कारण विचारू नका

दादरला भवानी शंकर रोडवर ‘नवनीत’ची इमारत आहे. १९५९ पासून चालत आलेल्या या प्रकाशनाच्या ‘२१ अपेक्षित’ने महाराष्ट्राच्या किती दहाव्या तारल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मात्र त्या पुस्तकाचा आपण जो वापर केला, तो बिचाऱ्या पुस्तकाला कधीच अपेक्षित नव्हता. प्रश्नसंच सोडवायचा असतो. आपण त्यातून भविष्य वाचत बसलो. पेपर सुटल्यावर शाळेच्या फाटकाबाहेर पहिला सवाल ‘कसा गेला?’ हा नसतोच, ‘त्यातला आला का?’ हा असतो. आला तर पुस्तक भारी, नाही आला तर बोर्ड नालायक. स्वतःचा अभ्यास या चर्चेत कुठे येतच नाही.

हीच सवय पुढे इंजिनिअरिंगला जाते आणि पाठीवर लॅपटॉपची सॅक अडकवून लोअर परळला उतरते.

गिरणगावात ‘परमनंट’ या शब्दाला एके काळी जो मान होता, तो आता ‘सर्टिफाइड’ला आहे. आजोबा बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचे, काम निघालं तर आत. १९८२ च्या संपानंतर हळूहळू गेटच गेलं. नातू त्याच आवारातल्या काचेच्या इमारतीत ‘बेंच’वर बसतो, प्रोजेक्ट निघालं तर आत. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, एखादं सर्टिफिकेशन कर, बेंचवरून उठशील. मग तो परीक्षेची फी भरतो, सोबत सराव परीक्षांचा एक संचही विकत घेतो. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. घोळ पुढे आहे.

उदाहरणाला ‘जावा’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची, तिच्या १७ व्या आवृत्तीची परीक्षा घ्या. ९० मिनिटं, ५० प्रश्न, पासाला ६८ टक्के. म्हणजे ३४ प्रश्न बरोबर यायला हवेत आणि एका प्रश्नाच्या वाट्याला येतात १०८ सेकंद. बरेच प्रश्न म्हणजे वर कोडचा तुकडा आणि खाली विचारणा: काय छापलं जाईल? ‘हे कंपाइलच होणार नाही’ हाही एक पर्याय टपून बसलेला असतो. आपण दीड मिनिट आकडेमोड करावी आणि पहिल्याच ओळीत घोटाळा निघावा, असा हा मामला. नापास झालात तर १४ दिवस थांबा आणि पुन्हा पैसे मोजा.

यावर आपल्या लोकांनी दोन तोडगे काढले आहेत. पहिला डम्प. परीक्षेत आलेले प्रश्न कुणीतरी बाहेर आणतो, त्याची पीडीएफ होते, ती टेलिग्रामवर फिरते. जावाची परीक्षा ‘सन’ कंपनीची होती तेव्हा याच मालाच्या झेरॉक्स फिरायच्या. २०१० मध्ये ओरॅकलने ‘सन’ घेतली, परीक्षेचं नाव बदललं, आपली चाल बदलली नाही. परीक्षेआधी उमेदवार ज्या करारावर मान्यतेची टिचकी मारतो, त्यात हे प्रकार चालणार नाहीत असं लिहिलेलं असतं. पकडला गेला तर सर्टिफिकेट रद्द. पण करार वाचतो कोण? गंमत म्हणजे या पीडीएफमधली कित्येक उत्तरं चक्क चुकीची असतात. चोरीचा माल आणि वर खोटा. तरी आम्ही तो निष्ठेने पाठ करतो.

दुसरा तोडगा दिसायला सज्जन आहे, म्हणून जास्त घातक. लालबागचा एक ओळखीचा पोरगा परवा भेटला. चेहऱ्यावर निकाल लागल्याचं तेज.

“काका, मॉकला ब्याण्णव पडले!”

“वा! पहिल्यांदा दिलीस तेव्हा किती होते?”

“सत्तावन्न.”

“मध्ये काय वाचलंस?”

“वाचायचं काय त्यात? तीच टेस्ट परत परत दिली.”

“बरं, आता चुकलेले आठ टक्के कुठले?”

“ते सोडा हो काका.”

सोडलं. पण एक प्रश्न घातलाच. इंटिजर जातीचे दोन व्हेरिएबल, ए आणि बी. दोघांत १२८ टाकलं. आता ‘ए == बी’ छाप म्हटलं तर काय येईल?

“फॉल्स. ऑप्शन सी.”

मी पर्याय दिलेच नव्हते. याला सी कुठून दिसला?

“आणि दोघांत १२७ असेल तर?”

“फॉल्सच की.”

नाही, ट्रू. उणे १२८ ते १२७ या लहान आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवते आणि जो मागेल त्याच्या हाती तोच देते. म्हणून १२७ मागणाऱ्या ए आणि बी दोघांकडे एकच वस्तू असते. १२८ ला ती सोय एरवी नाही, तिथे दोघांसाठी दोन वेगळ्या वस्तू बनतात. आणि == हे चिन्ह वस्तू तीच आहे का एवढंच बघतं, आतला आकडा बघत नाही. आकडा ताडायचा तर ‘इक्वल्स’ वापरावं लागतं. पोराला उत्तर पाठ होतं, त्यामागचं कारण त्याच्या गावीही नव्हतं. खऱ्या परीक्षेत प्रश्न काढणाऱ्याने एक आकडा खाली आणला की ब्याण्णवातले दोन टक्के गेले. परीक्षेचं एक वेळ जाऊ द्या. उद्या हाच पोरगा कुणाच्या तरी बँकेच्या ॲपमध्ये ग्राहकांचे क्रमांक == ने ताडत बसणार आहे. शंभरीतले ग्राहक खूश, पुढच्यांनी तक्रार खिडकीवर जावं.

स्वतःची परीक्षा घेत अभ्यास करणं उपयोगी नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. रोएडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एकदा त्यांनी उतारा पुन्हा वाचला, एकदा पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचलेलं जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्क्यांवर घसरलं, लिहून काढलेलं ५६ वर टिकलं. म्हणजे आठवायला लागणारा घाम हाच अभ्यास. आमचा लालबागकर तो घामच गाळत नाही. त्याला प्रश्नाची पहिली ओळ दिसली की बोट सी वर जातं.

हे त्याला कळायला खरं तर लांब जायची गरज नव्हती. लालबाग-परळच्या गल्ल्यांत गुरुपौर्णिमा झाली की गोविंदांचा सराव सुरू होतो. पोरं दिवसभर नोकरी करून येतात आणि रात्री थर लावतात. त्या रात्री वर हंडी बांधलेली नसते, लोण्याचा पत्ता नसतो, बक्षीस नसतं. थर कोसळला तर कुणी रडत नाही. पहिला सवाल येतो, “कुठून हललं?” तिसऱ्या थरात डावीकडच्याचा खांदा सुटला, असं कुणीतरी सांगतं, आणि पुढची जोडणी त्या खांद्याभोवती होते. पडण्यासाठीच सराव असतो, म्हणजे गोपाळकाल्याला पडायची वेळ येत नाही. हाच पोरगा तीन वर्षं दुसऱ्या थरात उभा राहतो. लॅपटॉप उघडला की मात्र ‘कुठून हललं’ विचारत नाही, ‘किती पडले’ विचारतो.

मग सराव परीक्षा वापरावी कशी? पहिली लवकर द्यावी, अभ्यास पुरता व्हायच्या आधी. चाळीस पडतील, पडू द्या. घरी सांगू नका, एवढंच. पण कुठले धडे कच्चे आहेत याचा नकाशा त्या दिवशी हातात येतो, तो सहाशे पानी पुस्तक पहिल्यापासून वाचत बसून महिनाभरात येत नाही.

उत्तर देताना प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करावी: पक्कं, डळमळीत, तुक्का. तुक्क्याने बरोबर आलेला प्रश्न चुकलेल्यात धरायचा. इथेच आपल्या लोकांचं मन होत नाही. मिळालेला मार्क सोडायचा म्हणजे काय! मुंबईत मिळालेली जागा कुणी सोडतं का? पण परीक्षेच्या दिवशी तो तुक्का दगा देणार असतो. तपासताना बरोबर पर्यायाचं कारण वाचून पुढे पळू नये. उरलेले तीन चूक का, हे आपल्या शब्दांत वहीत उतरवावं. मोबाइलच्या नोट्समध्ये नव्हे, वहीत. तिथे कॉपी-पेस्ट करता येत नाही. आणि कोडचा प्रश्न असेल तर तो मशीनवर टाइप करावा, एक अक्षर बदलावं, काय होईल ते आधी बोलावं आणि मग चालवून बघावं. आपलं भाकीत खोटं ठरलं की जे कळतं ते जन्मात विसरत नाही. ही एक गोष्ट केलीत, तर बाकीचा हा लेख विसरलात तरी चालेल.

तीच टेस्ट लगेच पुन्हा देऊ नये, प्रश्नांचे चेहरे विसरेपर्यंत थांबावं. आणि एक पूर्ण संच हात न लावता शेवटच्या आठवड्यासाठी ठेवावा. तो सलग ९० मिनिटं सोडवायचा, चहाला न उठता. जो आकडा विश्वासाने धरायचा तो हाच, कारण तो एकदाच मिळतो.

सलग ९० मिनिटं म्हटल्यावर गिरगाव-लालबागच्या चाळीतला वाचक हसणार, हे मला ठाऊक आहे. त्याने हसावंच. हल्ली बऱ्याच परीक्षा घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर देता येतात, आणि खोलीत दुसरं कुणी येता कामा नये हा त्यांचा पहिला नियम असतो. दहा बाय बाराच्या खोलीत आजीने जावं कुठे? कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या वहिनींचं “वाटीभर साखर आहे का?”, गल्लीत ताशा. हा नियम लिहिणाऱ्याने चाळ पाहिलेली नाही. त्यामुळे सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची सोय असेल तर सरळ ती घ्यावी. सरावासाठी मंडळांच्या अभ्यासिका आहेत, वरळीची अभ्यास गल्ली आहे. तिथे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून पोरांनी याहून अवघड परीक्षा काढल्या आहेत.

तेव्हा मंडळी, मॉकमधल्या ब्याण्णवचे स्क्रीनशॉट मला पाठवणं बंद करा. व्हॉट्सॲपवर मी अंगठाही देणार नाही. चुकलेल्या प्रश्नांची वही घेऊन या, रविवारी सकाळी मी घरीच असतो. चहा माझ्याकडून.