लोपीसांची केळी

वसईच्या कुठल्याही गावजेवणाची यादी उघडा. लोपीस, केळी. वर्तक, तांदूळ. लोपीस, नारळ. पाटील, गूळ. पुन्हा लोपीस, भाजी. आता एकेका आडनावापुढे त्याच्या सगळ्या वस्तू एका ओळीत हव्यात. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत हे काम चार-पाच ओळींत होतं. डिफॉल्टडिक्ट नावाच्या कोशात आडनाव ही किल्ली धरायची. नवं आडनाव आलं की त्याच्या नावाची रिकामी यादी आपोआप उघडते आणि वस्तू तिच्यात जाऊन बसते. शेवटी जॉइन ही आज्ञा मध्ये स्वल्पविराम घालते : लोपीस : केळी, नारळ, भाजी. ऑक ही भाषा तर 1977 पासून असली कामं एका ओळीत उरकते. तिचं नाव आहो, वाइनबर्गर, कर्निघन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं. आडनावाचा सोस फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

पण हे तीन लोपीस एकाच घरातले, हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलं? आमच्याकडे अख्खी आळी एका आडनावाची असते. गावातला माणूस लगेच विचारतो, कुठला लोपीस, कुणाचा मुलगा? म्हणून किल्ली एकट्या आडनावाची करू नये. आडनाव, आळी आणि वडलांचं नाव असा जोड करावा. पायथनला तो चालतो.

ग्रुपबाय नावाचं आणखी एक साधन आहे. त्याचा स्वभाव विरार लोकलमधल्या ग्रुपसारखा : शेजारी उभे असतील तेवढेच आपले, मागच्या डब्यातला गाववाला परका. त्यामुळे आधी यादी क्रमाने लावावी लागते.

लिखाणाचा घोळ वेगळाच. नालासोपारा, नाला सोपारा, नल्लासोपारा : यंत्राच्या लेखी ही तीन शहरं. सरकारने उलटं केलं. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एका महानगरपालिकेखाली आणल्या. मग 29 गावं बाहेर काढा म्हणून आंदोलन झालं, वाद कोर्टात गेला. पायथनमधली केळी आणि नारळ असला हट्ट करत नाहीत.

तेव्हा पुढच्या जेवणाची वही धराल, तर आळीचा रकाना आधीच आखा आणि नालासोपारा सगळ्यांना एकसारखं लिहायला लावा. पायथनच्या ओळी कुणीही लिहून देईल.