कै. साहित्य-परीक्षेस अनावृत पत्र

श्रीमती ‘सॅट’ साहित्य-विषय परीक्षा,
मुक्काम परलोक, यांचे सेवेशी

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाईसाहेब, दिवंगतांशी पत्रव्यवहार करण्याचा शिरस्ता आमच्याकडे नाही; परंतु १९ जानेवारी २०२१ रोजी आपणांस निजधामास धाडल्याचे फर्मान अमेरिकेत कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने काढले, तेव्हा न्यू जर्सीत राहणारी माझ्या भाचीची मुलगी आपल्या दर्शनाची तयारी कित्येक महिने करीत बसलेली होती, आणि ज्या जाडजूड मार्गदर्शिकेतून ही तयारी चालली होती ती, छापील पुस्तक रद्दीत घालू नये या आमच्या घराण्याच्या जुन्या खोडीमुळे, पुढे भाचीच्या सामानातून पुण्यास माझ्या हवाली झाली; सबब आपल्याशी चार शब्द बोलण्याचा हक्क मला पोहोचतो असे मी समजतो. पुस्तक हाती देताना मुलगी म्हणाली, “मामाआजोबा, आता याचा कुणालाच उपयोग नाही.” वाङ्मयाच्या पुस्तकाची याहून मोठी शिफारस माझ्या ऐकिवात नाही.

आमचा स्वतःचा पिंड ‘संदर्भासहित स्पष्टीकरणा’वर पोसलेला. कविता वाचण्यापूर्वी तिचे रसग्रहण पाठ करावे, ‘आशय हृदयंगम आहे’ हे वाक्य कोणत्याही कवीच्या गळ्यात बेधडक बांधावे आणि गुण पदरात पाडून घ्यावेत, या परंपरेत वाढलेल्या मनुष्याने आपल्याला नावे ठेवणे शोभत नाही, हे मी प्रथमच कबूल करतो. आपण तर नेमलेले पुस्तकच ठेवले नव्हते. साठ मिनिटे, सुमारे साठ प्रश्न, सहा ते आठ उतारे, त्यांत जवळपास निम्मे पद्य नि निम्मे गद्य, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि उताऱ्याखाली कवीचे नाव न देता केवळ साल! विलायतेत केंब्रिजला रिचर्ड्स या पंडिताने नावे झाकलेल्या कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांचे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा भलेभले किती अडखळतात हे जगाला दिसले; ते कुळ आपलेच, यात शंका नाही. फरक एवढाच की, त्याने विद्यार्थ्यांना आठवडाभराची मुदत आणि कोरा कागद दिला होता. आपण मिनिटभर आणि पाच वर्तुळे दिलीत.

आपल्या घराण्याचे दप्तर चाळता असे दिसते की, १९०१ साली बोर्डाने पहिल्या परीक्षा घेतल्या तेव्हा शेक्सपिअर-मिल्टन नेमलेले असत आणि उमेदवार आपल्या हाताने निबंध लिहीत. १९२६ साली पर्यायी प्रश्नांची ‘सॅट’ आली. पुढचा मजकूर आपण जाणताच.

मला विशेष मौज वाटली ती आपल्या जमाखर्चाची. बरोबर उत्तरास एक गुण, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा, कोऱ्या जागेस शून्य. हिशेब करून पाहिला तर डोळे मिटून साऱ्या प्रश्नांना वर्तुळे रंगवीत सुटणाऱ्या गृहस्थाच्या पदरी सरासरीने शून्यच पडावे, अशी तजवीज यात आहे. मात्र पाचांतला एक पर्याय खोडता आला की तुक्का फायद्याचा ठरतो. त्यामुळे मार्गदर्शिकेचा सारा उपदेश खोडण्याचा. अगोदर प्रश्न वाचावेत, कविता मागाहून. ‘सदैव’, ‘कदापि’ असले शब्द ज्या पर्यायात असतील तो संशयित मानावा. दोन पर्याय एकसारखे वाटल्यास दोहोंवर काट मारावी. कवितेत काय आहे याचा शोध घेण्याऐवजी काय असू शकत नाही याचा पंचनामा करण्याची ही रीत पाहिली, तर शब्दाच्या वाच्यार्थापलीकडे व्यंग्यार्थाचा ध्वनी उमटतो असे सांगणाऱ्या आनंदवर्धनाला आपल्या परीक्षेत किती गुण मिळाले असते, याची मला धास्ती वाटते. बिचारा तीन पर्यायांवर खूण करून बसला असता, आणि तीनही बाबतीत सहृदय वाचक त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले असते.

मुलीने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने टिपणे केली आहेत. कवीच्या स्वराची नावे एका पानावर ओळीने मांडली आहेत: उपरोधिक, विषण्ण, भक्तिपूर्ण, तटस्थ, किराण्याच्या यादीसारखी, आणि पाठ झाल्याची खूण प्रत्येकापुढे. एके ठिकाणी तिने स्वतःलाच बजावले आहे, “जास्त विचार करू नकोस.” हे वाक्य तिने दोनदा अधोरेखित केले आहे.

परंतु कोऱ्या जागेला आपण दंड लावला नाहीत, ही गोष्ट मी विसरणार नाही. आमच्या शाळेत ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला बाकावर उभे करीत. आपण त्याला बसल्या जागी शून्य देऊन सन्मानाने पुढे जाऊ दिलेत. या सवलतीचा लाभ घेऊन, आपल्या पश्चात का होईना, मी एक सराव-परीक्षा सोडविली. घड्याळ लावले होते. अकराव्या मिनिटाला एक लहानशी कविता आली, तिच्यावर सात प्रश्न होते, आणि मी ती पुन्हा वाचली, मग आणखी एकदा वाचली, मग घड्याळ बंद केले. पुढील सर्व प्रश्न कोरे आहेत.

आता मुद्द्याची विनंती. त्या कवितेखाली सतराव्या शतकातले एक साल तेवढे छापलेले आहे. मुलगी म्हणते, दोन ओळी टंकून विचारले तर यंत्र क्षणार्धात कर्ता सांगेल. परंतु जे नाव आपण बुद्ध्याच झाकले ते आपणच उघड करावे, यंत्राकडून ते चोरून घेऊ नये, असे माझे जुने मत आहे. कविता मी वहीत उतरवून ठेवली असून नावाची जागा मोकळी सोडली आहे. तरी सवडीने कवीचे नाव कळवावे.

लोभ असावा, ही विनंती.

आपला,
घड्याळ बंद करणारा एक उमेदवार