नेसवणाऱ्या काकू

प्रत्येक गोतावळ्यात एक नेसवणाऱ्या काकू असतात. त्या नेमक्या कोणाच्या काकू, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पण लग्न ठरलं की हॉल, गुरुजी आणि काकू यांच्या तारखा आधी जुळवाव्या लागतात. गुरुजी एक वेळ बदली मिळतात.

वधूपक्षाच्या खोलीत शिरल्याशिरल्या त्यांचे दोन हुकूम सुटतात. "पुरुष बाहेर! पंखा बंद!" लग्न मे महिन्यातलं असलं तरी पंखा बंदच, कारण निऱ्या उडतात. मंगळसूत्राला पिनांचा घोस अडकवलेला. "आमच्या आजीला कधी पिना लागल्या होत्या का?" असं म्हणत म्हणत त्यातल्या सात-आठ पिना त्या नवरीच्या खांद्यावर खर्ची घालतात. तिसरा हुकूम प्रत्येकीला वैयक्तिक असतो: "जाऊन आलीस ना? मग संध्याकाळपर्यंत नाव काढायचं नाही."

नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. त्याचा सगळा भार कमरेच्या एका गाठीवर. ती गाठ मारताना काकू "श्वास सोड" म्हणतात, सोडला की "अजून सोड" म्हणतात, आणि आता सोडायला प्राणच उरला असं वाटतं तेव्हा गाठ आवळतात. मग निऱ्या, मग ओचा, मग काष्टा मागे नेऊन असा खोचतात की समोरची मुलगी दोन इंच उंच होते. करवल्यांपैकी एखादी चिवचिवते, "मला ती लावणीतली हवी, नाहीतर कोळी स्टाइल." काकू निरी सोडत नाहीत. "लावणीतली घोट्यापर्यंत उतरते, कोळणीचं लुगडं गुडघ्याशी थांबतं. तुला नाचायचंय की पापलेट विकायचंय, ते आधी ठरव."

त्या स्वतः मात्र पंजाबी ड्रेसमध्ये असतात. "मला दिवसभर वाकायचं असतं," हे त्यांचं उत्तर.

खोलीबाहेर आल्या की त्यांना माणसं दिसत नाहीत, पदर दिसतात. उजव्या खांद्यावरून पुढे आला, गुजराती. निऱ्या पाठीमागे गेल्या, कूर्ग. एका लग्नात वराकडच्या तमिळ पाहुण्यांपैकी एका आजींचा मडिसार त्यांनी लांबूनच ताडला: पदर उजव्या खांद्यावर म्हणजे अय्यर, डाव्यावर असता तर अय्यंगार. यजमानांना हे साखरपुड्यापासून माहीत नव्हतं. आपण रोज नेसतो ती सहावारीची तऱ्हा मुळात आंध्राकडची, निवी, हे सांगताना त्या थोड्या नाराज असतात. उलट ज्ञानदानंदिनी टागोरांची गोष्ट फार खुशीत सांगतात. रवींद्रनाथांची ही वहिनी 1860 च्या दशकात मुंबईला आली, इथली नेसण्याची पद्धत पाहून गेली आणि कलकत्त्याच्या बायका तिच्यासारख्या नेसू लागल्या. "बघा, शिकायला मुंबईलाच यावं लागलं!" ती पद्धत तिने पारशी बायकांकडून उचलली होती, एवढा तपशील काकू गाळतात. इतिहासाच्याही निऱ्या आपल्याला हव्या तशाच घालायच्या असतात.

त्यांचा एकच शत्रू: शिवलेली नऊवारी. दोन पाय घालायचे, नाडी ओढायची, दोन मिनिटांत पेशवाई. काकू तिला "पायजमा" म्हणतात. मला विचाराल तर नाडीवाल्यांची बाजू अगदीच खोटी नाही. त्यांना निदान पंखा लावता येतो. पण हे काकूंसमोर बोलायची माझी छाती नाही, कारण पुढच्या महिन्यात आमच्याकडेही कार्य आहे.

परवाच्या लग्नात नवरीसकट सगळ्या पोरी पायजम्यात आल्या. काकूंना काम उरलं नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या, आणि इतक्या वर्षांत बहुधा प्रथमच त्यांनी कोणाच्या तरी मंगलाष्टका पहिल्यापासून ऐकल्या. दोन कडव्यांपर्यंत त्या शांत होत्या. तिसऱ्याला चुळबुळ सुरू झाली. चौथ्याला उठल्या, अक्षता मुठीत तशाच ठेवून बोहल्यावर चढल्या, आणि अंतरपाट धरून उभ्या असलेल्या दोघा मामांपैकी एकाला गुरुजींच्याही वरच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमच्या बाजूचा काठ खाली आलाय. सोडा, मी धरते."