ट्रान्सफॉर्मरचे पालक

घरी टेस्ला कॉइल बनवणारी माणसं दोन जातींची. एक जात ठिणगीसाठी जगते, दुसरी ट्रान्सफॉर्मरसाठी. आमचे अप्पा दुसऱ्या जातीचे.

सोलापुरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. यंत्रमागाची मोटर जळून आली की अप्पा प्रसन्न. पण भंगारातून मिळवलेल्या निऑन पाटीच्या ट्रान्सफॉर्मरचा विषय निघाला की हाच माणूस हळवा होतो. एलईडीच्या पाट्या आल्यापासून असा लोखंडी गाभ्याचा माल मिळतो कुठे? 15,000 व्होल्ट, 30 मिलीअँपिअर. आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे, वर ओतलेलं डांबर. "मोटर जळली तर मी भरून देतो बे! हा जळला तर डांबरातनं कोण काढणार?"

त्याचे वैरी दोन. कपॅसिटर नेमका जुळला की रेझोनन्समुळे व्होल्टेज चढत जातं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. शिवाय स्पार्क गॅप पेटला की उच्च वारंवारतेचे झटके उलटे अंगावर येतात. म्हणून अप्पांनी मुख्य गॅप थेट ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत बसवला. मग रेझिस्टर, बायपास कपॅसिटर, व्हॅरिस्टरची माळ आणि मधला गोळा अर्थ केलेला तीन गोळ्यांचा सेफ्टी गॅप. कॉइलचं अर्थिंगही घरापासून वेगळं, परसात ठोकलेल्या सळईला.

सेफ्टी गॅप लावणं हा सोहळाच. बाकी सर्किट सोडवून नुसता ट्रान्सफॉर्मर चालू करायचा. ठिणगी पडली की बंद. प्लग काढून खिशात, मग स्क्रू पाव आटा मागे. पुन्हा चालू. ठिणगी जेमतेम थांबली की प्लग पुन्हा खिशात आणि चेकनट आवळायचा. तोवर जेवण दोनदा गरम झालेलं असतं.

मे महिन्यात पारा 43 वर गेला की घरातला टेबलफॅन ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. काकू पदरानं वारा घेतात. खुद्द टेस्लाबद्दलही अप्पांचं मत फारसं बरं नाही. 1899 साली कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या प्रयोगात त्यानं वीज कंपनीचं जनित्र बंद पाडलं होतं. "डोकं होतं, पण दुसऱ्याच्या मालाची कदर नाही."

गड्डा यात्रेला पाहुणे जमले तेव्हा पोरांनी गळच घातली. कपॅसिटर आणखी थोडा मोठा करू, मग बघू, अशी टाळाटाळ झाली. अखेर पोरांना लांब उभं करून अप्पांनी खटका दाबला. कडाड आवाज झाला, जांभळी वीज हातभर नाचली, पोरांनी टाळ्या पिटल्या. अप्पांची नजर सेफ्टी गॅपवर खिळलेली. खटका बंद करून, प्लग काढून, कपॅसिटर उतरवून मगच त्यांनी ट्रान्सफॉर्मरला हात लावला.

"कोमट आहे. ताप नाही!"

"अप्पा, वीज काय झकास निघाली हो!"

"कुठली वीज?"